चाळीस गुंठ्यांचं पार्किंग

नवऱ्यानं आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली ती मोठी गाडी, जागेवर लावली, इंजिन बंद केलं आणि मागच्या खिडकीपाशी बसलेले माझे वडील, आण्णा, म्हणाले, "एकरभर आसंल."

"काय एकरभर?"

"ह्ये डांबर केलंय ते. चाळीस गुंठं. एखादा गुंठा हिकडंतिकडं."

माझं लक्ष नव्हतं. सकाळच्या गोळ्या द्यायच्या राहिल्या होत्या, व्हीलचेअर खालच्या कप्प्यातून काढायची होती, आणि ऊन चढायच्या आत त्यांना सावलीत न्यायचं होतं. आत गेल्यावर टेबलामागच्या रेंजर बाईंनी नकाशा हातात देता देता सांगितलं, की बाहेरचं पार्किंग मुद्दाम बरोबर एक एकराचं केलेलं आहे. इथं येणाऱ्या बहुतेकांना आता एकर म्हणजे केवढं ते ठाऊक नसतं. ते गाडीतून उतरल्या उतरल्या डोळ्यांनी दिसावं म्हणून. मी वळून आण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं त्यात नवल काहीच नव्हतं.

नेब्रास्कात लिंकन शहराच्या दक्षिणेला चाळीसेक मैलांवर बिॲट्रिस नावाचं गाव आहे. गावापासून पश्चिमेला चार मैलांवर हे होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. आपली मंडळी सहसा इकडे फिरकत नाहीत. डोंगर नाही, धबधबा नाही, फोटोत मिरवावं असं काही नाही. गवताचं एक रान आहे, लाकडी ओंडक्यांचं एक घर आहे, विटांची एक शाळा आहे, आणि एका कायद्याची गोष्ट आहे. प्रवासात ही जागा मी घातली ती केवळ आण्णांसाठी. जन्मभर जमिनीत राबलेला माणूस. त्याला अमेरिकेत येऊन आम्ही मॉल आणि मंदिरं सोडून काय दाखवलं होतं?

आरव्हीसुद्धा त्यांच्यासाठीच. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय अजून पुरता परतलेला नाही. आई गेल्यापासून ते वर्षातले सहा महिने शिकागोजवळ आमच्याकडे असतात. मोटेलं बदलत, दर दोन तासांनी पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह शोधत हिंडणं त्यांना झेपणारं नव्हतं. आरव्हीत त्यांची ठरलेली गादी, ठरलेला संडास, सकाळी ठरल्या वेळी चहा आणि भाकरी. भाड्यानं गाडी देणाऱ्यांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, की व्हीलचेअर दारातून सहज आत जाईल. प्रत्यक्षात दार दोन फुटांचं निघालं आणि खुर्ची सव्वादोन फुटांची. मग रोज आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी त्यांच्या काखेत हात घालून तीन पायऱ्या चढवायचो. पहिल्या दिवशी त्यांचं तोंड उतरलं होतं. चौथ्या दिवशी ते आपणहून डावा हात माझ्या खांद्यावर टाकायला लागले.

वाटेत आयोवात एक जुनी वास्तू बघायला थांबलो होतो. तिथं दाराला पाच दगडी पायऱ्या होत्या आणि दुसरी वाट नव्हती. आण्णा म्हणाले, "तुम्ही या बघून, मी हितं झाडाखाली बसतो." आम्ही आत गेलो, पण माझं मन लागलं नाही. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. बघायला आलेल्या माणसाला बाहेर बसवून आपण आत काय बघतो? दहा मिनिटांत परत आलो. म्हणून नेब्रास्कातल्या त्या इमारतीसमोर पार्किंगपासून दारापर्यंत सपाट, रुंद, काँक्रीटची वाट दिसली तेव्हा माझ्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. खुर्ची ढकलायलाही जोर लागत नव्हता. बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या मागून चालत होते आणि ते पुढे होते.

त्या वाटेच्या कडेनं राज्यांच्या आकाराचे लोखंडी पत्रे ओळीनं उभे केलेले आहेत. एकूण तीस राज्यं. प्रत्येक पत्र्यात एक चौकोनी भोक कापलेलं. कुठं ते टिकलीएवढं, कुठं हात जाईल एवढं. आण्णांनी खुर्ची थांबवायला सांगितली.

"ह्ये भोक कशाचं?"

"त्या राज्यातली जेवढी जमीन या कायद्यानं लोकांना फुकट वाटली, तेवढं भोक."

नेब्रास्काच्या पत्र्यातलं भोक सगळ्यांत मोठं. राज्याची ४५ टक्के जमीन. आण्णांनी डावा हात वर करून त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. वरची कड, बाजूची कड, खालची कड, जशी बांधावरून चक्कर मारावी तशी. उन्हानं पत्रा तापला होता, तरी बोट मागं घेतलं नाही.

"फुकाट?"

"जवळजवळ. अठरा डॉलर फी."

"किती जमीन?"

"एकशे साठ एकर."

यावर ते काही बोलले नाहीत. आमची वडिलोपार्जित जमीन सव्वापाच एकर. तिघा भावांत वाटणी झाली तेव्हा आण्णांच्या वाट्याला पावणेदोन एकर आली. त्या पावणेदोन एकरावर तीन मुलं शिकली, त्यांतली एक मी.

आता कायद्याचं सांगते, कारण तो समजल्याशिवाय आण्णांची त्या दिवशीची अवस्था समजायची नाही. २० मे १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षं पूर्ण असलेला किंवा कुटुंबाचा कर्ता असलेला, सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेला कोणीही अर्ज करू शकत होता. तो नागरिक तरी असावा किंवा 'मला नागरिक व्हायचं आहे' असं त्यानं लिहून दिलेलं असावं. बाईमाणूस अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असेल तर तिलाही तिच्या नावावर जमीन मिळे. १८६२ साली ही लहान गोष्ट नव्हती. अट एकच: तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं. मग दोन साक्षीदार घेऊन कचेरीत जायचं आणि आपण खरंच कसतोय हे शाबीत करायचं.

साक्षीदार हा शब्द ऐकल्यावर आण्णा खुर्चीत सरळ झाले.

"आमच्यावानीच की!"

आणि त्यांनी मला ती गोष्ट पुन्हा सांगितली. मी लहानपणापासून ऐकलेली आहे, पण नेब्रास्कात उभं राहून ऐकताना ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी वाटली. आमची सव्वापाच एकर मुळात आमची नव्हती. कराडच्या एका जमीनदाराची होती. आमचं घराणं तिचं कूळ. पणजोबांपासून कसत होतो, खंड घालत होतो, सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव त्यांचं. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८चा. पुढं त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला: त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचं मालक झालं, किंमत तेवढी भरायची. ती ठरवायला कलम '३२ ग'ची चौकशी, आणि हप्ते फिटले की '३२ म'चं सर्टिफिकेट. आमच्या भागात आजही म्हातारी माणसं 'बत्तीस ग' असं घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं म्हणतात.

आण्णा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. चौकशीच्या दिवशी माझे आजोबा, म्हणजे आबा, त्यांना कराडला घेऊन गेले, कारण घरात वाचता येणारे ते एकटेच. पीकपाहणीचे उतारे त्यांच्या हातात होते. मामलेदार कचेरीच्या ओसरीवर त्या पोरानं बोट ठेवून ठेवून वाचलं: जोंधळा, भुईमूग, जोंधळा, हरभरा. कसणाराचं नाव. पुढच्या वर्षी पुन्हा तेच नाव. गावचे दोघंजण साक्षीला आले होते. त्यांनी सांगितलं, हाच नांगरतो, याचा बाप नांगरत होता.

"मग सायेब आबांना म्हणला, अंगठा कर," आण्णा म्हणाले. दरवेळी गोष्ट इथंच थांबते.

आत काचेच्या पेटीत आणि भिंतीवरच्या फलकांवर डॅनियल फ्रीमनची कागदपत्रं मांडली आहेत. कायदा १ जानेवारी १८६३ला अमलात आला आणि त्या पहिल्याच दिवशी ज्या ४१८ जणांनी अर्ज केले त्यांतला हा एक. तो स्वतः सांगायचा, की आपण सैन्याच्या कामावर होतो, सकाळ व्हायच्या आत निघायचं होतं, म्हणून ब्राउनव्हिलच्या कचेरीतल्या कारकुनाची मनधरणी करून मध्यरात्र उलटल्या उलटल्या कचेरी उघडायला लावली. त्या अर्जावरची जमीन म्हणजेच आज हे पार्क. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार, मधून कब क्रीक नावाचा ओढा.

पण मला त्याच्या अर्जापेक्षा त्याचा पुरावा आवडला. १८६८ साली साक्षीदारांनी लिहून दिलं, ते मी आण्णांना ओळीओळीनं मराठी करून वाचून दाखवलं. घर निम्मं ओंडक्यांचं, निम्मं फळ्यांचं, चौदा फूट बाय वीस फूट, दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे पस्तीस एकर नांगरून, कुंपण घालून कसलेली. एक तबेला. शंभर फूट लांब मेंढ्यांचा गोठा. मक्याची कणगी. सफरचंदाची चाळीस झाडं आणि पीचची चारशेच्या आसपास.

आण्णा डोळे मिटून ऐकत होते. चारशे झाडांवर त्यांनी डोळे उघडले. "पानी कुठनं घालायचा?" मी ओढा दाखवला. ते समाधान पावले.

या पुराव्यात एकही मोठा शब्द नाही. साधा पंचनामा आहे. तरी मला वाटतं, माणसाच्या पाच वर्षांबद्दल याहून पुरं काही लिहिता येत नाही. सगळ्यांची झाडं अशी जगली नाहीत. सुमारे चाळीस लाख अर्ज झाले आणि जमीन शेवटी नावावर झाली ती सोळा लाख लोकांच्या. बाकीचे अवर्षणानं, कर्जानं, एकटेपणानं सोडून गेले. १८७४ साली टोळधाड आली ती सूर्य झाकोळून, आणि शेतातलं हिरवं सगळं खाऊन गेली. १२ जानेवारी १८८८ची सकाळ उबदार होती म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडली. त्या दिवसाचं वर्णन मला आण्णांना पूर्ण वाचून दाखवता आलं नाही.

इमारतीजवळच एक घर आहे. ते फ्रीमनचं नव्हे; त्याच्या घराचा आता मागमूस नाही. हे १८६७ साली जॉर्ज पामर नावाच्या माणसानं चौदा मैलांवर बांधलेलं आणि पुढं इथं आणून उभं केलेलं. चौदा फूट बाय सोळा. पामर नवरा-बायकोनं इथं दहा मुलं वाढवली. मागचा एक पडवीवजा भाग नंतर जोडलेला.

आण्णांची खुर्ची मी दारापाशी लावली. आत शिरायची त्यांना गरजच वाटली नाही. उंबऱ्यापाशी बसून आख्खं घर दिसत होतं. चूल म्हणजे लोखंडी स्टोव्ह, एक पलंग, एक टेबल, वर माळा. ओंडक्यांमधल्या फटी लिंपून घेतलेल्या. आण्णांचा हात आपोआप चौकटीवर गेला. तासलेल्या लाकडावर तासणीच्या खुणा अजून आहेत, उथळ, एकीवर एक, माशाच्या खवल्यांसारख्या. ते त्या खुणांमधून अंगठा वर-खाली फिरवत राहिले. आमच्या घरची जुनी तुळई त्यांनी आणि गावच्या सुतारानं मिळून तासली होती, तिलाही अशाच खुणा आहेत. घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा ती तुळई त्यांनी विकू दिली नाही. ती गोठ्यात आहे.

नवऱ्यानं मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाला, आपली आरव्ही पंचवीस फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे दोनशे चौरस फूट. हे घर दोनशे चोवीस. आम्ही तिघं चार दिवसांत एकमेकांना धडकून बेजार झालो होतो. इथं बारा माणसं होती, आणि बाहेर मैल मैल कोणी नव्हतं. बाहेर एवढी मोकळी जागा आणि आत वीतभर! पण थंडीत तापवायला लहान घरच परवडतं, हे आण्णांनी लगेच सांगितलं.

त्यानंतर आम्ही मोठ्या काचेपाशी आलो. या इमारतीचं छप्पर नांगराच्या फाळासारखं वर उचललेलं आहे आणि त्याच्या टोकाशी काचेची भिंत. पलीकडे गवत. सप्टेंबरचा शेवट होता. बिग ब्लूस्टेम नावाचं ते गवत तेव्हा पुऱ्या उंचीला आलेलं असतं, सहा-सात फूट, तांबूस-जांभळ्या दांड्यांचं, वाऱ्यानं एका अंगावर लोळणारं. शंभरेक एकरांचं हे रान मूळचं राहिलेलं नाही. फ्रीमनच्या आणि नंतरच्या नांगरटीनं इथलं मूळ गवत गेलं. १९३९पासून पार्कनं बी पेरून, ठरावीक काळानं रान पेटवून ते परत आणलं. त्याची मुळं दहा फूट खोल जातात. पहिल्या लोकांना ही माती फोडताना मुळं तुटल्याचा आवाज ऐकू यायचा म्हणे. पुढं पश्चिमेला, जिथं लाकूड नव्हतं, तिथं लोकांनी मुळांनी विणलेल्या या मातीच्याच लाद्या कापून त्यांची घरं बांधली.

बाहेरच्या कडेला वाटेपाशी काही दांडे हाताशी आले. शेंड्याला तीन बोटं फुटावीत तशी तीन कणसं. आण्णांनी एक दांडा न तोडता जवळ ओढला, चोळून वास घेतला.

"मारवेल हाय व्हय गं ह्ये?"

मी रात्री शोधून बघितलं. ते फार चुकले नव्हते. मारवेल आणि हे गवत एकाच गणगोतातलं. ज्वारी, ऊस, मका हे सगळे त्याच भावकीतले. आपल्या मारवेलाला तिकडे टेक्सासात क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात.

दांडा सोडून ते बराच वेळ रानाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आधी कुनाची हुती?"

"सरकारची. पड जमीन होती."

"पड?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "गवात हाय न्हवं? गवात हाय तर पड कशी? गायरानाला कुनी पड म्हनतं का?"

मला उत्तर आलं नाही. खरं तर मला उत्तर ठाऊक होतं. आतल्या फलकांवर ते लिहिलेलं होतं आणि मी ते घाईनं ओलांडलं होतं, कारण आण्णा '३२ ग'च्या आठवणीत रंगले होते आणि मला तो रंग मोडायचा नव्हता. आता सांगितलं. ही जमीन ओटो-मिझुरिया लोकांची. नेब्रास्का हे नावच त्यांच्या भाषेतलं, सपाट पाणी असा अर्थ. मक्याची शेती करायचे, आणि हंगामात रेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या शिकारीला या गवतात यायचे. मार्च १८५४मध्ये त्यांच्याकडून करार करून घेतला आणि त्यांना इथून दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठच्या एका राखीव पट्ट्यात आवळलं. तीन महिनेही झाले नाहीत तोच नेब्रास्का वसाहतीला खुला झाला. १८८१ साली तो पट्टाही गेला आणि त्यांना ओक्लाहोमात हलवलं. फ्रीमननं पीचची झाडं लावली तेव्हा ओटो लोक एका दिवसाच्या वाटेवर राहत होते.

आण्णा म्हणाले, "म्हंजी हेळवाकासारखं."

माझ्या आजीचं, म्हणजे आण्णांच्या आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या वरच्या अंगाला. १९६०च्या दशकात धरण भरलं आणि ते गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलं. आण्णांच्या मामांना जमीन मिळाली ती लांब परमुलखात, खडकाळ, आणि तीही कितीतरी वर्षांनी. आजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की माहेरच्या देवळाचा कळस दिसतो असं सांगायची. ज्या दहा वर्षांत आमच्या घरी '३२ म'चा कागद आला त्याच दहा वर्षांत तिच्या माहेरी नोटीस आली. आण्णांनी दोन्ही कागद वाचले होते. घरात वाचता येणारे तेच एकटे.

कूळकायदा आणि होमस्टेड एक नव्हेत, हे मला त्या काचेशी उभं राहून नीट कळलं. आमच्याकडे जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाराच्या हातात आली. इथं ती पिढ्यान्‌पिढ्या राहणाराच्या हातून काढून नव्यानं आलेल्याला दिली. साक्षीदार, फी, पंचनामा सगळं सारखं, आणि मूळ उलटं. तरी फ्रीमनची चारशे झाडं खोटी नव्हती, पामरबाईनं दोनशे चोवीस चौरस फुटांत वाढवलेली दहा मुलं खोटी नव्हती. मला त्यांचा राग करता येत नाही. त्यांतले कित्येक जण युरोपातल्या कुठल्या तरी जमीनदाराची कुळंच होते.

आणि नव्यानं आलेलं कोण म्हणायचं, तर मी आहे. गेल्या वर्षी मी या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. 'मला नागरिक व्हायचं आहे' असं लिहून देणाऱ्याला इथं एकशे साठ एकर मिळत, पण १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ती वाट १९४६मध्ये उघडली. तोवर आमच्यासारख्याला हा अर्जही करता आला नसता. मी आण्णांना हे सांगितलं नाही. तेवढ्या वेळात ते जे काही पेलत होते त्यावर आणखी काही ठेवावंसं वाटलं नाही.

येताना मैलामैलावर काटकोनात छेदणारे रस्ते दिसले होते; विमानातून दिसतो तो चौकड्यांचा पट. सहा मैलांचा चौरस, त्यात एक मैलाचे छत्तीस तुकडे, एका तुकड्याचे ६४० एकर, त्याचा चतकोर म्हणजे १६०. हे मोजलं ६६ फुटांच्या साखळीनं. आपल्याकडे इंग्रजांनी मुंबई इलाखा मोजला तो ३३ फुटांच्या शंकू साखळीनं, म्हणजे तिच्या बरोबर निम्म्या. तेहतीस बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आण्णांची नजर पार्किंगवर बरोबर बसली ती म्हणून. एकाच मापानं दोन खंडांची माती मोजली गेली होती.

शाळेकडे गाडीनंच गेलो. १८७२ची, एका खोलीची, लाल विटांची, आणि १९६७पर्यंत मुलं तिथं शिकत होती. आण्णांनी खुर्चीतूनच बघितली. ऊन फार झालं होतं.

रात्री गावातल्या नदीकाठच्या बागेत आरव्ही लावली. नदी बिग ब्लूच. पाण्याची नळी जोडली, विजेची वायर जोडली, चाकांखाली फळ्या सारून गाडी समपातळीत आणली. आण्णांना तीन पायऱ्या चढवल्या. पिठलं केलं. आठ वाजले होते, म्हणजे गावाकडे सकाळचे साडेसहा. आण्णांनी फोन मागितला आणि पुतण्याला लावला.

"पीकपाहणी लावली का? ... ॲपवर. आरं आज कर, तारीख जाईल. ... भुईमुगाचा फोटू नीट काढ, बांधावरनं न्हाई, आत जाऊन काढ. ... कसणाराचं नाव बघ बरोबर पडलंय का."

मग जरा थांबले. खिडकीबाहेर काळोखात नदीचा आवाज येत होता.

"आज एक जागा बघितली. एकशेसाठ एकराचं रान. ... न्हाई, ऊस न्हाई. गवात हाय. मारवेल."

पुतण्यानं पलीकडून काहीतरी विचारलं.

"कुनाची म्हंजी?" आण्णा म्हणाले. "बस, आलो की सांगतो. फोनवर सांगायचं न्हाई ते."